‘एक्सलंट’ म्हणजे नेमके काय?

काही वर्षांपूर्वी बालगंधर्वांच्या एका नाट्यपदाची 78 फेऱ्यांची तबकडी मी ऑनलाइन मागवली. वर्णनात ‘एक्सलंट’ असे लिहिले होते. पार्सल उघडले तेव्हा तबकडी काळीभोर, चकचकीत, कडेला टवकासुद्धा नाही. लावली आणि तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज सुरू झाला. विक्रेत्याला कळवले. त्याचे उत्तर, “माझ्याकडे उत्तम वाजते.” चार निरोप इकडून, चार तिकडून. अखेर ‘वर्णन खोटे’ असा शेरा त्याच्या नावापुढे टाकून मी मोकळा झालो.

पैसे गेले त्याचे फार वाटले नाही. पण ‘एक्सलंट’ या शब्दाचा अर्थ ठरवतो कोण, हा प्रश्न डोक्यातून जाईना. मी पदवीधर इतिहासकार नव्हे. तबकड्या गोळा करता करता जे वाचले तेवढेच माझे शिक्षण. त्या आधारावर हा शोध मांडतो आहे.

मुंबईच्या चोरबाजारात हा वाद सहसा होत नाही. गिऱ्हाईक तबकडी उजेडाला तिरपी धरते, चरे पाहते, बोटाच्या पेराने हलके टिचकी मारते. बद्द आवाज आला की कुठेतरी केसाएवढी चीर आहे असे समजायचे. मग घासाघीस होते आणि व्यवहार तिथेच संपतो. स्थितीला नाव देण्याची गरजच पडत नाही. माल एका गावी आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गावी असले, की डोळ्यांचे काम शब्दांना करावे लागते. भांडणाचे मूळ इथे आहे आणि ते इंटरनेटपेक्षा बरेच जुने आहे.

जुन्या तबकड्यांचे टपालाने लिलाव होऊ लागले तेव्हा याद्यांमध्ये अक्षरे आली. ब्रिटनमध्ये 1953 साली सुरू झालेल्या ‘व्हिंटेज जॅझ मार्ट’ या नियतकालिकाच्या परंपरेत ‘एन’ म्हणजे नवी, ‘ई’ म्हणजे नव्यासारखी, ‘व्ही’ म्हणजे बेताची झिजलेली पण ऐकण्याजोगी, आणि पुढे ‘जी’, ‘एफ’, ‘पी’ अशी उतरंड आहे. अमेरिकेत 1974 साली ‘गोल्डमाइन’ मासिक निघाले. त्याची श्रेणीपद्धत मुख्यतः व्हायनलच्या एलपींसाठी रूढ झाली. 2000 साली सुरू झालेल्या ‘डिस्कॉग्ज’ने तीच स्वीकारली.

या पद्धतीतली गंमत अशी की ‘गुड’ म्हणजे चांगली नव्हे. ‘निअर मिंट’ तबकडीला शंभर रुपये धरले, तर ‘व्हेरी गुड प्लस’ला साधारण पन्नास, ‘व्हेरी गुड’ला पंचवीस आणि ‘गुड’ला जेमतेम दहा-पंधरा. ज्याला हे कोष्टक ठाऊक नाही तो ‘गुड’ वाचून खूश होतो आणि पार्सल उघडल्यावर फसवले म्हणतो. विक्रेत्याने मात्र अक्षरशः खरे सांगितलेले असते.

कायदाही इथे दोन पायांवर उभा आहे. आपल्या 1930च्या माल विक्री अधिनियमाचे कलम 15 सांगते की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. लगेचचे कलम 16 सांगते की काही अपवाद सोडले, तर मालाच्या दर्जाची हमी गृहीत धरता येत नाही. मग ‘एक्सलंट’ हे वर्णन मानायचे की दर्जाविषयीचे मत? माझे आणि त्या विक्रेत्याचे सगळे भांडण या दोन कलमांच्या मधल्या फटीत बसते.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. विक्रेत्याला दोष ठाऊक असतात, गिऱ्हाइकाला नसतात, त्यामुळे चांगला माल बाजारातून हटत जातो, असे त्यांचे सूत्र. तबकड्यांच्या बाबतीत मला त्यात एक भर घालावीशी वाटते. इथे पुष्कळदा विक्रेत्यालाही ठाऊक नसते. तो डोळ्यांनी पाहून श्रेणी लावतो, गिऱ्हाईक कानांनी तपासते.

आणि कानसुद्धा यंत्राच्या ताब्यात असतो. 78ची तबकडी लाखेची. त्या मिश्रणात दगडाची बारीक पूड मुद्दाम घालत, म्हणजे पोलादी पिन घासून खाचेच्या आकाराची होई. म्हणून दर बाजूला नवी पिन लावायची. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमच्या पुढे वजन खाचेवर टाकतो, पण वरच्या पट्टीचे आवाज तो नीट उचलत नाही, म्हणून खरखरही दबते. विजेवरचा पिकअप हलका आणि तिखट कानाचा. तो सगळे ऐकवतो. त्यातही 78च्या सुईच्या टोकाची त्रिज्या इंचाच्या सुमारे तीन हजारांश, एलपीच्या स्टीरिओ सुईची एक हजारांशापेक्षाही कमी. एलपीची सुई 78वर ठेवली तर ती रुंद खाचेच्या तळाशी, जिथे धूळ आणि भुकटी साठते तिथे, खडखडत फिरते.

हे सारे मी वाचले ते भांडणानंतर दोन वर्षांनी. तोवर माझ्या यंत्राला एलपीचीच सुई होती.

78ची सुई मिळवली आणि ती तबकडी पुन्हा लावली. खरखर पुरती गेली नाही, पण मागे सरली आणि गळा पुढे आला. प्रामाणिकपणे श्रेणी लावायची तर ‘ई’ आणि ‘व्ही’ यांच्या मधली. विक्रेत्याने थोडे वाढवून सांगितले असेल. खोटे नक्कीच नव्हते. चावीच्या यंत्रावर ती ‘उत्तम’ वाजतही असेल. मी त्याला एकदाही विचारले नव्हते की तुमचे यंत्र कोणते. क्षमा मागायला गेलो तर त्याचे खाते बंद झालेले. माझा शेरा त्या खात्याच्या नावावर तसाच राहिला.

संग्राहकांच्या जुन्या याद्या आता संशोधनाची साधने होत आहेत. त्यांतल्या ‘ई’ आणि ‘व्ही’वर आपण भरवसा ठेवतो, पण कोणत्या यंत्रावर, कोणत्या सुईने ऐकून ते लिहिले याची नोंद मला क्वचितच आढळली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कार्डावर चार गोष्टी असतात: यंत्र, सुई, तिचे वजन आणि ऐकल्याची तारीख. श्रेणी त्यानंतर, पेन्सिलीने.