म्हातारचळ आणि मेंदूचा दाह

१९८२ साली, साठी ओलांडलेले माझे थोरले काका दोन महिन्यांत विसराळू आणि संशयी झाले. दिवसातून कितीदा तरी त्यांचा चेहरा आणि हात क्षणभर आखडे. ‘म्हातारचळ’ म्हणून घराने विषय संपवला. त्या आखडण्याकडे मी पुन्हा वळलो तो मेंदुविज्ञानाचा इतिहास वाचताना.

१९६० मध्ये इंग्लंडमधील ब्रायर्ली, कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी उतारवयातल्या रुग्णांच्या मेंदूंत स्मृती आणि भावना सांभाळणाऱ्या लिंबिक भागाचा दाह नोंदवला. कॉर्सेलिस एसेक्सच्या रनवेल मनोरुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ होते. १९६८ मध्ये त्यांनी या दाहाचा कर्करोगाशी संबंध दाखवला. पण निदान बहुधा शवविच्छेदनातच होई.

२००१ पासून ऑक्सफर्डच्या अँजेला व्हिन्सेंट यांच्या गटाने अशा रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडे दाखवली. त्यांपैकी अनेकांना कर्करोग नव्हता आणि उपचाराने उतार पडत होता. २०१० मध्ये या प्रतिपिंडांचे मुख्य लक्ष्य एलजीआय-१ हे प्रथिन असल्याचे कळले. हा आजार बहुधा उतारवयात होतो. सोडियम घटते, चेहरा-हात आखडतात आणि स्टेरॉइडने बहुतेकांना गुण येतो.

काकांना हेच झाले होते, असे मी म्हणणार नाही. पुरावा उरलेला नाही. ‘म्हातारचळ’ या एका शब्दावर आमच्या घरातली चौकशी थांबली, एवढे मात्र खरे.