अबू हुरैरांचं रिकर्शन

गेल्या वर्षी अब्बा गेले तेव्हा मी ऑनसाइट होतो. रात्री तीनला धाकट्या भावाचा फोन आला. आमच्यात मय्यत फार वेळ ठेवत नाहीत, जमलं तर त्याच दिवशी दफन. मिळेल ते पहिलं विमान पकडून दापोलीजवळच्या आमच्या गावी पोचलो, तोवर कबरीवरची माती सुकली होती. थोरला मुलगा असून जनाज्याच्या नमाजला मी नव्हतो. ही टोचणी काही केल्या जाईना.

शेवटी कोड अडला की करतो तेच केलं. हाच प्रॉब्लेम आधी कुणाला आला होता का, ते शोधायला बसलो.

आला होता की! तोही चौदाशे वर्षांपूर्वी.

साद बिन उबादा हे मदीनेच्या खजरज टोळीचे सरदार. आई वारली तेव्हा तेही गावात नव्हते. त्यांनी पैगंबरसाहेबांना (स.) विचारलं, आता मी तिच्या नावानं दान केलं तर तिला त्याचा काही उपयोग होईल का? उत्तर आलं, होईल. साद यांनी तिथल्या तिथे आपली फळबाग आईच्या नावे देऊन टाकली. हे सहीह बुखारीत आहे. अबू दाऊदच्या संग्रहात आणखी एक हकीकत आहे : कोणतं दान सर्वांत चांगलं असं साद यांनी विचारलं, पाणी असं उत्तर मिळालं आणि त्यांनी विहीर खणली. आपल्याकडे मशिदीबाहेर वडिलांच्या नावाचा पाण्याचा कूलर दिसतो ना, त्याचं मूळ इतकं जुनं आहे.

सहीह मुस्लिममधली एक हदीस तर आमच्याकडे लहानपणापासून कानावर पडते. माणूस गेला की त्याचं खातं बंद होतं, पण तीन गोष्टी चालू राहतात : लोकांच्या कामी येत राहणारं दान, उपयोगी पडणारं ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ करणारं नेक अपत्य. म्हणजे तिसरं कलम आपल्यावर!

याला मर्यादाही आहे, आणि ती खुद्द पैगंबरसाहेबांच्या बाबतीत दिसते. वडील त्यांच्या जन्माआधीच गेलेले. आई आमिना मक्का-मदीनेच्या वाटेवर अबवा इथे वारल्या तेव्हा ते जेमतेम सहा वर्षांचे होते. पुढे ते त्या कबरीवर गेले आणि इतके रडले की सोबतचे लोकही रडू लागले. कबरीला भेट द्यायची परवानगी मिळाली, पण आईसाठी क्षमा मागायची मिळाली नाही, असं सहीह मुस्लिममध्ये आहे. यावर विद्वानांनी शतकानुशतकं वाद घातला. इजिप्तच्या सुयुती (मृत्यू १५०५) यांनी तर पैगंबरसाहेबांच्या मातापित्यांच्या मुक्तीच्या बाजूनं एकाहून अधिक ग्रंथ लिहिले. मला मात्र तो वाद वाचताना सारखी ती कबर आणि तिच्याजवळ उभा असलेला पोरका मुलगाच दिसत राहिला.

वाद आमच्या घरातही झालाच. दुआ आणि दान पोचतं यावर सुन्नी विद्वानांचं एकमत आहे. पण कुराण वाचून त्याचं पुण्य मृताला देता येतं का? आम्ही कोकणी मुसलमान शाफई, आणि इमाम शाफईंचं (७६७–८२०) प्रसिद्ध मत 'नाही' असं आहे. तरी चाळिसाव्याला आमच्याकडे यासीन वाचलीच गेली. दोन चुलते त्यावरून दुपारभर भांडले. अब्बा असते तर दोघांना चहा पाजून गप्प केलं असतं.

असो. मला सर्वांत भावले ते अबू हुरैरा. आई जिवंत असेपर्यंत तिला सोडून ते हजलासुद्धा गेले नाहीत. इमाम बुखारींच्या 'अल-अदब अल-मुफ्रद'मध्ये त्यांची एक दुआ आहे. त्यांनी स्वतःसाठी आणि आईसाठी क्षमा मागितली, आणि पुढे जे कुणी आपल्या दोघांसाठी क्षमा मागतील त्यांच्यासाठीही! इब्न सिरीन सांगतात, त्या दुआत आपलाही नंबर लागावा म्हणून आम्ही त्या दोघांसाठी क्षमा मागत असू. प्रोग्रामर मंडळी, हे चक्क रिकर्शन आहे, आणि थांबायची अट मुद्दाम घातलेलीच नाही.

त्याच पुस्तकात आणखी एक प्रसंग आहे. अबू हुरैरा आईच्या दारात उभे राहून सलाम करत आणि तिनं लहानपणी वाढवलं तशी अल्लाहनं तिच्यावर दया करावी, असं तिच्या तोंडावर म्हणत. कुराणाच्या सतराव्या सूरेत मुलांना शिकवलेली दुआ हीच. मी ती आजवर गेलेल्यांसाठीच समजत होतो. पण तिच्या आधीच्या ओळी म्हाताऱ्या, जिवंत आईबापांबद्दल आहेत : त्यांच्यावर खेकसू नका, नरमाईनं बोला.

अब्बांसाठी गावच्या शाळेत पाण्याची टाकी बसवतोय. पण अम्मी आहे. परवा फोन ठेवता ठेवता तिला ती दुआ म्हणून दाखवली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमीन. जेवलास का?"