नऊ कुटुंबं आणि मंदावलेली नजर

दुखण्याचं निदान गावात झालं नाही की मुंबईची वाट धरायची, ही आपल्या रत्नागिरीकरांची जुनी रीत. त्याच मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांच्यापुढे एक विचित्र दुखणं आलं. चालताना तोल जायचा, हात कापायचे, बोलणं अडखळायचं. एकाच घरात, पिढ्यान् पिढ्या. वाडियांनी आणखी एक गोष्ट टिपली. एकीकडून दुसरीकडे पाहताना या रुग्णांची बुबुळं झटकन वळत नसत, सावकाश सरकत. १९७१ साली त्यांनी आणि डॉ. आर. के. स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांची हकिगत ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडली. आजार वेगळा आणि आनुवंशिक आहे, हे कळलं. कारण कळायला पंचवीस वर्षं जावी लागली.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ. तिची नीट घडी बसली, तर ती कामाची. हिमोग्लोबिनची रचना उलगडून १९६२ चं नोबेल मिळवणारे केंब्रिजचे मॅक्स पेरुट्झ यांनी १९९४ साली एक कल्पना मांडली. माळेत ग्लुटामीन हा एकच मणी सलग फार वेळा आला, तर अशा माळा बॅगेच्या चेनच्या दातांसारख्या एकमेकींत अडकतात आणि पेशीत त्यांचे गोळे साचतात. १९९६ साली तीन संशोधक गटांना या आजाराचं जनुक सापडलं. त्यापासून बनणाऱ्या ‘अटॅक्सिन-२’ या प्रथिनात हा मणी बहुधा २२ वेळा असतो. रुग्णांमध्ये साधारण ३३ किंवा अधिक वेळा. आजाराला आता ‘एससीए-२’ म्हणतात. १९९८ साली वाडिया आणि सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांत हाच दोष दाखवून दिला. मंद नजरेची खूण खरी ठरली होती.

वाडिया २०१६ साली गेले. हा आजार बरा करणारं औषध अजून नाही. आईला किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, धोका ५० टक्के. रक्ताच्या तपासणीत दोष आधीच कळतो; पण कळूनही थांबवता येत नाही. म्हणून धडधाकट माणसानं ती तपासणी करावी की नाही, हे त्याचं त्यानंच, जनुकीय समुपदेशकाशी बोलून ठरवावं. घरच्यांनी सक्ती करू नये. आणि देवाचा कोप किंवा सुनेचा पायगुण म्हणून कुणाला बोल तर मुळीच लावू नये.