गंगातीरीचे तरुण वैज्ञानिक

काशीच्या पैलतीरावर, गंगेच्या पूर्वेस, रामनगरचा किल्ला उभा आहे. अठराव्या शतकात राजा बलवंतसिंहांनी बांधलेला हा किल्ला म्हणजे काशीनरेशांचे निवासस्थान. महिनाभर चालणाऱ्या रामलीलेमुळे रामनगरचे नाव सर्वश्रुत आहे. परंतु ज्योतिष आणि गणित या विद्यांशीही या गावाचे नाते आहे, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. तेथील संग्रहालयात एक जुने घड्याळ आहे. ते केवळ वेळ सांगत नाही, तर वर्ष, महिना, वार आणि सूर्यचंद्रांची स्थितीही दर्शविते. या राजघराण्याने दिलेल्या आश्रयाच्या छायेत काही तरुणांच्या वैज्ञानिक आकांक्षा कशा वाढल्या, त्याची हकीकत मायभूमीपासून दूर राहणाऱ्या आपणांस उद्बोधक वाटेल, असा आमचा विश्वास आहे.

या परंपरेच्या आरंभी नाव येते बापूदेव शास्त्री यांचे. १८२१ साली जन्मलेले हे मराठी गणिती १८४२ मध्ये, म्हणजे एकविसाव्या वर्षाच्या सुमारास, काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. भास्कराचार्यांचे गणित आणि युरोपातील नवे गणित एकाच विद्यार्थ्याला शिकविता आले पाहिजे, ही त्यांची आकांक्षा. त्यांनी सूर्यसिद्धांताचे इंग्रजी भाषांतर केले, आणि आकाशातील प्रत्यक्ष वेधांशी जुळणारे पंचांग रामनगरच्या महाराज ईश्वरीप्रसाद नारायणसिंह यांच्या आश्रयाने प्रसिद्ध केले.

पुढे पंडित मदनमोहन मालवीयांनी विश्वविद्यालयाचा संकल्प केला, तेव्हा रामनगरच्याच महाराज प्रभुनारायणसिंहांनी समोरच्या तीरावर त्यासाठी जमीन दिली. ४ फेब्रुवारी १९१६ रोजी बनारस हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसली. इमारती उभ्या राहिल्या. आता हवी होती माणसे. मालवीयांची दृष्टी केंब्रिजमध्ये नाव मिळविलेल्या कोल्हापूरच्या एका तरुणाकडे गेली. १९३२ साली विष्णु वासुदेव नारळीकर गणित विभागाचे प्रमुख म्हणून काशीस आले. त्यांचे वय होते जेमतेम चोवीस. केंब्रिजची आयझॅक न्यूटन शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली होती. संशोधनासाठी पश्चिमेचे दरवाजे उघडे होते. तरीही सापेक्षतेच्या सिद्धांतावर काम करणारा वर्ग या देशात उभा करणे, हे ध्येय त्यांनी स्वीकारले आणि १९६० पर्यंत तेथेच राहिले.

या निर्णयाचे मोल बरोबर दहा वर्षांनी दिसून आले. १९४२ साली प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचे एक गुजराती तरुण पत्नी आणि तान्ह्या मुलीसह काशीस आले. त्यांचेही वय चोवीस. पाठीशी शिष्यवृत्ती नव्हती, हातात नेमणूक नव्हती. होती ती थोडी शिल्लक, आणि नारळीकरांजवळ राहून सापेक्षता शिकण्याची ओढ. देश ‘छोडो भारत’च्या आंदोलनाने पेटलेला होता. शिल्लक सुमारे दहा महिने पुरली. तेवढ्या अवधीत वैद्यांनी एक मूलभूत प्रश्न सोडविला. श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे जे गणित मांडले होते, त्यातील तारा प्रकाश टाकीत नव्हता. खरा तारा तर प्रकाश टाकतो आणि त्यासरशी त्याचे वस्तुमान घटत जाते. अशा ताऱ्याचे गणित वैद्यांनी १९४३ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केले. पुढे उदरनिर्वाहासाठी त्यांना अध्यापनाकडे वळावे लागले. आकाशातील अतिप्रचंड ऊर्जास्रोतांचा शोध लागल्यावर, म्हणजे सुमारे वीस वर्षांनी, त्या शोधाचे महत्त्व जगाला उमगले. आज तो ‘वैद्य मेट्रिक’ या नावाने ओळखला जातो.

याच विश्वविद्यालयाच्या आवारात नारळीकरांचे ज्येष्ठ चिरंजीव जयंत वाढले. शाळा हिंदी माध्यमाची, घरची भाषा मराठी. माता सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. घरात फळा होता. शिक्षणासाठी येऊन राहिलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यावर भाच्यासाठी गणिताचे आव्हान लिहून ठेवीत. उत्तर सापडेपर्यंत, किंवा भाचा हार मानीपर्यंत, ते पुसले जात नसे. १९५७ मध्ये पदवी घेऊन जयंतराव केंब्रिजला गेले. १९६४ मध्ये फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. १९६५ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, पद्मभूषण झाले. १९७२ साली ते स्वदेशी परतले आणि १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ संस्था उभारली. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. हिंदी माध्यमातून शिकलेल्या या शास्त्रज्ञाने विज्ञानकथा मात्र मराठीत लिहिल्या. पहिली कथा तर टोपणनावाने स्पर्धेस पाठविली, हे आपण सर्व जाणतोच.

या चौघांच्या आयुष्यांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट ठळकपणे दिसते. तरुण वैज्ञानिकाची महत्त्वाकांक्षा आपण पद, वेतन आणि संस्थेचे नाव यांवरून मोजतो. या चौघांपुढे मात्र आधी प्रश्न होता. पद मिळाले ते पुढे, आणि काहींना उशिरा. अर्थात निव्वळ ध्येयवादाने चूल पेटत नाही. वैद्यांची शिल्लक संपली, तेव्हा काम थांबवून त्यांना परतावे लागले, हेही विसरता येत नाही. म्हणूनच आश्रयदाता, गुरू आणि घर यांचे स्थान मोठे आहे. महाराजांनी भूमी दिली, नारळीकरांनी वेळ दिला, मामांनी फळ्यावरचा प्रश्न दिला.

आज आपल्यापैकी अनेकांची मुले डॉक्टरेटनंतर वर्षा-दोन वर्षांच्या तात्पुरत्या नेमणुकांवर या शहरातून त्या शहरात फिरत आहेत. दूरध्वनीवर आपण काळजीपोटी विचारतो, “कायमची नोकरी केव्हा?” ती काळजी रास्तच आहे. परंतु त्या आधी, “सध्या कोणता प्रश्न सोडवितो आहेस?” असेही विचारावे. उत्तर आपणांस कदाचित पुरते समजणार नाही. पण आपले माणूस ते ऐकू इच्छिते, एवढ्याने त्या मुलाला किंवा मुलीला बळ येईल. आपल्या मंडळानेही पुढील पन्नास वर्षांत अशा दहा महिन्यांची सोय एखाद्या होतकरू तरुणासाठी करून ठेवावी, अशी या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आमची नम्र सूचना आहे.