छडी कोणाच्या हातावर?

शाळेतील शिस्तीची गोष्ट बहुधा छडीपासून सांगतात. मी ती उंबरठ्यापासून सांगतो. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. त्याचा अपराध काय? काहीच नाही. तरी मुंबई सरकारने त्याला नाकारले. तो आत आला तर बाकीची मुले निघून जातील, ही धास्ती. 1858 मध्ये विलायतेहून कंपनीच्या संचालकांनी कळवले की सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत. कागद हलला, बैठक हलली नाही.

पुढे साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. इतर मुले तहान लागली की नळ सोडत. यांच्यासाठी शिपायानेच तो सोडायचा. शिपाई नाही, तर पाणी नाही. जे एकाला सहज, ते दुसऱ्याने केले तर बेशिस्त! 1919 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला, तो याच दुखण्यावर.

आपल्याकडचेही एक उदाहरण आहे. बोर्डी आणि कोसबाड 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. तिथे 1945 पासून ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी काम केले. वारल्यांचे पोर गुरांमागे जाई, म्हणून हजेरीपटावर गैरहजर. या बायांनी पोराला दोष दिला नाही. वर्गच कुरणात नेला. त्याला कुरणशाळा म्हणत.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली. परंतु झाडू कोणाच्या हाती दिला, वर्गाबाहेर कोणाला उभे केले, याची नोंद कुठे असते? कारखान्यात 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्यापासून कामगाराला आरोप कळू लागला, खुलासा देता येऊ लागला. आम्ही युनियनवाले त्यासाठी गेटवर किती भांडलो! दहा वर्षांच्या पोराला तेवढेही नसावे? शाळेत शिक्षेची वही ठेवावी : नाव, कारण, मुलाचे म्हणणे, मास्तरांची सही. दर सत्राला ती शाळा व्यवस्थापन समितीपुढे वाचावी. एकाच वस्तीतली, एकाच पाड्यावरची नावे पुन्हा पुन्हा दिसली, तर मास्तरांना खुलासा विचारावा.

हेडमास्तर म्हणतील, कागद वाढतो. मालकही तेच म्हणत. समितीची पुढची बैठक कधी आहे, एवढे तरी उद्या शाळेत जाऊन विचारा.