लुगडं नेसलेला पुरुष

देवासला राहून कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ सादर केलं, तेव्हा त्यांच्यापुढे लुगडं नव्हतं, गाणं होतं. पण 1905 साली शकुंतला झालेल्या नारायणराव राजहंसांच्या साड्या-दागिन्यांची नक्कल घरंदाज बायकासुद्धा करू लागल्या होत्या, बरं का! पुढे 1933 च्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आल्या. हळूहळू स्त्रीभूमिका स्त्रियांकडे गेल्या आणि साडीतल्या पुरुषाच्या वाट्याला उरला फक्त हशा. ‘अशी ही बनवाबनवी’त (1988) निदान भाड्याच्या खोलीची अडचण तरी होती. 2014 मध्ये टीव्हीवर आलेल्या ‘चला हवा येऊ द्या’त मात्र पुष्कळदा साडी हाच विनोद. हसलो मीही. पण ज्या मुलाला साडी मनापासून नेसावीशी वाटते, तोही घरच्यांसोबत तेच बघत बसलेला असतो.