कागदी खोक्याची पत

घरीं आलेलें पुठ्ठ्याचें खोकें उघडावें, आंतील वस्तु काढून घ्यावी आणि खोकें रद्दींत टाकावें, हा आजचा नित्य परिपाठ आहे. परंतु लाकडी पेटीच्या पंक्तीस बसण्याचा मान या कागदाला सहजासहजीं मिळालेला नाहीं. त्यासाठीं त्याला न्यायासनासमोर उभें राहावें लागलें.

चुणीदार कागदाचा जन्म टोपींत झाला. इ. स. १८५६ मध्यें हीली व ॲलन या दोघां इंग्रजांनीं उंच टोप्यांच्या अस्तरासाठीं त्याचें पेटंट घेतलें. १८७१ मध्यें न्यूयॉर्कच्या आल्बर्ट जोन्स यानें तोच कागद बाटल्या आणि दिव्यांच्या कांचा यांभोंवतीं गुंडाळण्याची युक्ति काढली. पण नुसती चुणी ताणली कीं सपाट होई. १८७४ मध्यें ऑलिव्हर लाँग यानें तिला सपाट कागदाची जोड दिली आणि हा दोष दूर झाला.

याची कृति साधी आहे. कागद वाफेनें मऊ करून दांतेरी रुळांतून काढतात. मग लाटांच्या माथ्यांना खळ लावून दोन्ही अंगांस सपाट कागद चिकटवितात. खोक्यांत या लाटा उभ्या राखतात. त्यामुळें प्रत्येक चुणी लहानशा खांबाप्रमाणें भार पेलते. तिचा खरा वैरी म्हणजे ओलावा. दमट हवेंत कागद मऊ पडला, कीं हे खांब वाकूं लागतात.

असलें खोकें आगगाडीचा प्रवास सोशील काय, अशी शंका अमेरिकेंतील रेल्वे कंपन्यांना होती. पश्चिमेकडे तर त्यांतील मालावर लाकडी पेटींतील मालापेक्षां अधिक भाडें आकारीत. कॅलिफोर्नियांतील प्रिधम कंपनीनें हें गाऱ्हाणें आंतरराज्य व्यापार आयोगापुढें नेलें. १९१४ मध्यें आयोगानें निकाल दिला, कीं असा भेदभाव अन्यायाचा आहे. कागदाचा मार्ग मोकळा झाला.

पण पत केवळ निकालानें टिकत नाहीं. ती रोज सिद्ध करावी लागते. रेल्वेच्या नियमांप्रमाणें खोक्यावर एक शिक्का उमटूं लागला. कारखानदाराचें नांव, पुठ्ठ्याची ताकद, मापाची व वजनाची मर्यादा, हें सर्व त्यांत असे. ताकद मोजण्यास जॉन म्यूलन यानें १८८७ मध्यें केलेलें यंत्र उपयोगीं पडलें. त्यांत रबरी पडद्यामागून दाब वाढवीत नेतात आणि पुठ्ठा कोणत्या दाबास फुटतो तें पाहतात. परंतु वखारींत खोक्यावर खोकें रचलें जातें, तेव्हां भार पडतो तो उभ्या भिंतींवर. म्हणून १९९१ मध्यें पुठ्ठ्याच्या कडेवर भार देण्याची दुसरी कसोटीहि मान्य झाली.

आज कोंकणचा हापूसहि अशाच खोक्यांतून दूरदेशीं जातो. खोकें रद्दींत टाकण्यापूर्वीं त्याचा तळ पाहावा; तेथें शिक्का असेल, तर कागदानें दिलेल्या वचनाचा तो लेख समजावा.